दुकानाची वही परक्या गोदामात ठेवताना

आमच्या खामगावला कापसाच्या बाजाराने नाव मिळवून दिले. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला तोही कापसाच्या गाठींसाठीच. गाठी ठेवायला प्रत्येकाकडे स्वतःचे गोदाम असतेच असे नाही. परक्या गोदामात माल टाकताना अनुभवी व्यापारी तीन गोष्टी आधी विचारतो. भाडे कशावर मोजणार? माल हवा त्या वेळी बाहेर निघेल का? आणि पावती कोणाच्या नावाची?

आज गाठींबरोबर आपली वहीसुद्धा परक्या गोदामात जाऊ लागली आहे. उधारी, मालाची यादी, गिऱ्हाइकांचे फोन नंबर, शिंप्याकडची मापे, चांदीच्या कारागिराकडच्या ऑर्डरी, हे सारे मोबाईलच्या ॲपमध्ये लिहिले जाते. ते मोबाईलमध्येच राहते असा आपला समज असतो. पुष्कळदा ते राहते मुंबई, पुणे किंवा त्याहून लांबच्या संगणक केंद्रात. यालाच 'क्लाउड' म्हणतात. हे गोदाम निवडताना मात्र वरचे तीन प्रश्न आपण विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

२०२१ साली, टाळेबंदीचे दिवस सरल्यावर, आम्ही कापड दुकानाची उधारी ॲपवर घेतली. एका गृहस्थाने ते तयार करून दिले. वर्षाला ठरावीक रक्कम देत होतो. दोन वर्षे काम सुरळीत चालले. २०२३ च्या लग्नसराईत एका सकाळी ॲप उघडेना. त्या गृहस्थाने धंदा बंद केला होता आणि फोनही लागत नव्हता. हिसाब कोठेतरी शाबूत असणार. पण ते खाते त्याच्या ई-मेलवर, त्याच्या नावाने होते. आमच्या हाती एक कागदही नव्हता.

तीनशेच्या वर गिऱ्हाइकांची उधारी आम्ही कच्च्या चिठ्ठ्यांवरून जुळवत बसलो. बहुतेकांनी आपण होऊन आकडा सांगितला. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे आम्ही बाकी मागितली. 'दिली आहे' असे तो म्हणाला. चिठ्ठी सापडली नाही, म्हणून त्याने काही न बोलता पुन्हा पैसे ठेवले आणि निघून गेला. महिन्याभराने गल्ल्याच्या तळाशी जमेची चिठ्ठी निघाली. पैसे घरी नेऊन दिले, माफी मागितली. तरी तो पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढला नाही. पैशाचे नुकसान भरून निघते, हे निघत नाही. म्हणून हा विषय आम्ही समजून घेतला. जे समजले ते येथे मांडतो.

वही आणि चिठ्ठ्यांची पेटी

डेटाबेस म्हणजे नोंदी ठेवण्याची आणि शोधून देण्याची व्यवस्था. तिचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार रकान्यांच्या वहीचा. तारीख, नाव, रक्कम, जमा, नावे असे रकाने आधी आखायचे आणि मग लिहायचे. १९७० साली ई. एफ. कॉड या संगणकशास्त्रज्ञाने या पद्धतीचा पाया घातला. तिला प्रश्न विचारण्याच्या भाषेला एसक्यूएल म्हणतात.

दुसरा प्रकार चिठ्ठ्यांच्या पेटीचा. प्रत्येक वस्तूची वा माणसाची एक चिठ्ठी आणि तिच्यावर एक खूण. खूण सांगितली की नेमकी तीच चिठ्ठी हाती येते. प्रत्येक चिठ्ठीवरचा मजकूर वेगळा असला तरी चालतो. या प्रकाराला नो-एसक्यूएल म्हणतात.

कापडवाल्याला हा फरक लगेच कळेल. साडीची नोंद घेताना काठ, पदर, ब्लाउज पीस आहे की नाही हे लिहावे लागते. शर्टिंगच्या ताग्याला पन्हा आणि मीटर लागतात. तयार कुर्त्याला साईज लागते. रकान्यांच्या वहीत या सगळ्यांसाठी रकाने आखले तर अर्धी वही कोरी राहते. चिठ्ठीत जे आहे तेवढेच लिहायचे. शिंप्याच्या मापांचेही तसेच. शेरवानीची मापे निराळी, सलवारीची निराळी. पण गिऱ्हाईक आले की प्रश्न एकच, 'याची मापे काढा'.

ॲमेझॉन कंपनीलाही हाच अनुभव आला. २००४ च्या नाताळच्या गर्दीत तिची जुनी व्यवस्था अपुरी पडली. आपल्या कामांची तपासणी केली तेव्हा दिसले की सुमारे ७० टक्के वेळा फक्त एक खूण देऊन एक नोंद मागितली जाते. त्यातून त्यांनी 'डायनॅमो' ही चिठ्ठ्यांची व्यवस्था उभारली आणि २००७ साली तिची माहिती जगापुढे ठेवली.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जमाखर्च, जीएसटीचे विवरण आणि ताळेबंद ही कामे रकान्यांच्या वहीचीच. तेथे प्रत्येक जमेसमोर नावे लागते आणि बेरजा अनेक बाजूंनी घ्याव्या लागतात. त्यासाठी टॅलीसारखा प्रोग्रॅम किंवा रकान्यांचा डेटाबेसच ठीक. मालाची यादी, ऑर्डरी, मापे, गिऱ्हाइकांची माहिती आणि उधारीची रोजची टिपणे यांना चिठ्ठ्यांची पेटी सोयीची.

सांभाळून देण्याची सेवा

हा डेटाबेस स्वतःच्या संगणकावरही चालवता येतो. पण मग कुलूप, पहारा, दुरुस्ती आणि दुसरी प्रत ठेवणे हे सारे आपल्याच अंगावर पडते. जानेवारी २०१७ मध्ये जगभरात हजारो मोंगो-डीबी डेटाबेस चोरांनी साफ केले आणि मालकांकडे खंडणी मागितली. कारण एवढेच की मालकांनी ते इंटरनेटवर पासवर्डाविना उघडे ठेवले होते. दुकानदाराला हे सांभाळणे जमण्यासारखे नाही. म्हणून मोठ्या कंपन्या भाडे घेऊन हे काम करून देतात. त्यातल्या चार सेवा आपल्याकडे प्रामुख्याने विचारात घेतल्या जातात.

पहिली ॲमेझॉनची डायनॅमो-डीबी. ही २०१२ साली बाजारात आली. ॲमेझॉनचे मुंबईचे केंद्र २०१६ पासून आणि हैदराबादचे २०२२ पासून आहे. हिची ताकद अफाट. २०२३ च्या ॲमेझॉनच्या 'प्राइम डे' विक्रीत तिने एका सेकंदाला १२ कोटी ६० लाखांपर्यंत मागण्या पुरवल्या. पण कोणते प्रश्न विचारणार हे आधी ठरवूनच तिची मांडणी करावी लागते. मोबाईल नंबर देऊन उधारी मागितली तर ती झटकन देते. 'नांदुऱ्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी द्या' हा प्रश्न मागाहून सुचला तर वेगळी सूची बांधावी लागते आणि तिचे भाडे निराळे पडते.

दुसरी मोंगो-डीबी ॲटलास. ही सेवा २०१६ ची. मोंगो-डीबी कंपनी ॲमेझॉन, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांच्याही केंद्रांत जागा घेऊन ती चालवते. येथे प्रश्न विचारण्याची मोकळीक जास्त. लाल काठाच्या, अमुक भावाच्या आतल्या, मालेगावहून आलेल्या साड्या दाखवा, असे विचारता येते. दुसरा फायदा असा की मोंगो-डीबीची मोफत आवृत्ती कोणत्याही संगणकावर चालते. उद्या ॲटलास सोडायचे ठरले तर माल उचलून दुसरीकडे नेण्याची वाट खुली असते.

तिसरी गुगलची फायरस्टोअर. २०१७ मध्ये तिची चाचणी सुरू झाली आणि २०१९ पासून ती पूर्ण स्वरूपात मिळू लागली. मुंबई आणि दिल्ली या दोन्ही केंद्रांत तिला जागा आहे. मात्र एकदा निवडलेली जागा नंतर बदलता येत नाही. तिचा मोठा गुण असा की इंटरनेट गेले तरी मोबाईलमधल्या प्रतीवर काम चालू राहते आणि नेट आल्यावर नोंदी आपोआप वर चढतात. संग्रामपूर किंवा मोताळ्याच्या आठवडी बाजारात बसणाऱ्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

चौथी मायक्रोसॉफ्टची कॉसमॉस-डीबी, २०१७ ची. मायक्रोसॉफ्टचे पुण्याचे केंद्र २०१५ पासून आहे. ज्यांचा कारोबार मायक्रोसॉफ्टच्या इतर सेवांवर आधीच चालतो आणि ज्यांच्या अनेक शाखा आहेत, त्यांना ही सोयीची. मात्र तिचे भाडे समजून घ्यायला थोडे डोके लावावे लागते.

भाडे कशावर मोजतात

पहिल्या प्रश्नाकडे येऊ. चारही सेवा थोडी जागा मोफत देतात. डायनॅमो-डीबी आणि कॉसमॉस-डीबी यांची मोफत साठवण २५ जीबी, फायरस्टोअरची १ जीबी आणि ॲटलासची ५१२ एमबी. छोट्या दुकानाच्या नोंदींना एवढी जागा पुष्कळ काळ पुरते. म्हणून जागेच्या आकड्यावर जाऊ नये. खरे भाडे बसते ते नोंद आत टाकण्याचे आणि बाहेर काढण्याचे.

फायरस्टोअर दररोज ५०,००० वाचने आणि २०,००० लेखने मोफत देते. आकडा मोठा वाटतो. आता हिसाब करा. दुकानात १२,००० प्रकारच्या मालाच्या नोंदी आहेत. प्रोग्रॅम करणाऱ्याने आळसाने असे केले की ॲप उघडताच सगळी यादी खेचली जाते. तिघा नोकरांनी दिवसातून दोनदा ॲप उघडले की ७२,००० वाचने झाली. मोफत मर्यादा संपली. बिल भरण्याची व्यवस्था जोडलेली नसेल तर काम थांबते. ही रोजची मर्यादा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री नव्याने सुरू होते. म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा वा दीड वाजता. ईदच्या आदल्या संध्याकाळी मर्यादा संपली तर गल्ला उघडा, गिऱ्हाईक उभे आणि यादी बंद! त्याच दुकानात फक्त मागितलेलीच नोंद काढण्याची व्यवस्था केली, तर दोनशे गिऱ्हाइकांना काही शे वाचनांत काम भागते. येथे महाग पडतो तो सेवेचा दर नव्हे, प्रोग्रॅमची मांडणी.

डायनॅमो-डीबीत वाचन ४ केबीच्या मापाने आणि लेखन १ केबीच्या मापाने मोजतात. खूण न देता सगळी पेटी उपसली तर सगळ्या पेटीचे पैसे लागतात. भाडे देण्याच्या दोन रीती आहेत. एक रिक्षाच्या मीटरसारखी, जेवढे वापराल तेवढे. दुसरी महिन्याच्या ठरावीक गाडीसारखी, अमुक क्षमता राखून ठेवायची आणि वापरली न वापरली तरी पैसे द्यायचे. आपला धंदा हंगामी. रमजान, दिवाळी आणि लग्नसराईत रीघ, आषाढात माश्या मारणे. अशाला मीटरची रीत बरी. कॉसमॉस-डीबीतही अशाच दोन्ही रीती आहेत; तेथे सगळ्या कामांचे माप 'रिक्वेस्ट युनिट' या एकाच एककात करतात. १ केबीची एक चिठ्ठी खुणेने वाचली की एक युनिट. ॲटलासमध्ये मोफत पायरी ओलांडून स्वतंत्र यंत्र घेतले की खोलीच्या भाड्यासारखे तासावर भाडे चालते, दुकान बंद असले तरी.

या सेवांच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. खाते उघडताना आपला जीएसटी नंबर द्यावा, म्हणजे नियमित नोंदणीवाल्याला त्याची वजावट मिळते. कंपोझिशनवाल्याला ती मिळत नाही. त्याने हा खर्च धरूनच चालावे.

हवा तेव्हा माल निघेल का

दुसरा प्रश्न भरवशाचा. समजा दुकान खामगावात आणि शाखा चिखलीत. बुऱ्हाणपूरहून आलेला एकच तागा उरला आहे. दोन्हीकडच्या मुलांनी एकाच मिनिटाला यादी पाहिली आणि दोघांनीही तो विकला. असे का होते? या सेवा एका नोंदीच्या अनेक प्रती ठेवतात आणि नवी नोंद सगळ्या प्रतींत पोहोचायला क्षणभर लागतो. डायनॅमो-डीबीत साधे वाचन स्वस्त, पण ते क्षणभर जुने असू शकते. पक्के ताजे वाचन हवे तर दुप्पट भाडे. कॉसमॉस-डीबीत ताजेपणाच्या पाच पायऱ्या आहेत. फायरस्टोअर ताजेच वाचन देते, पण नेट नसताना मोबाईलमधली प्रत जुनीच असणार. उपाय एकच. विक्री लिहिताना 'शिल्लक असेल तरच वजा कर' अशी अट घालून लिहिण्याची सोय या चारही सेवांत आहे. ती वापरली आहे का, हे प्रोग्रॅम करणाऱ्याला स्पष्ट विचारावे.

मोठे गोदामही कधी बंद पडते. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या दिवसांत, ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया केंद्रात डायनॅमो-डीबीच्या पत्त्याची नोंद एका चुकीने कोरी झाली. पत्ताच सापडेना, म्हणून जगभरातल्या कितीतरी सेवा अडकल्या. डेटा जागेवर होता. पण दार दिसत नव्हते. म्हणून त्या दिवसाची विक्री कागदावर लिहिण्याची सवय सोडू नये. कार्बनचे बिलबुक आजही गल्ल्यात असावे.

चुकून पुसलेली नोंद परत मिळण्याचे काय? 'कंपनी सांभाळते' याचा अर्थ सगळे आपोआप होते असा नाही. डायनॅमो-डीबीत मागच्या ३५ दिवसांतल्या कोणत्याही क्षणाला परत जाता येते. पण ती सोय आपण चालू करावी लागते. फायरस्टोअरमध्ये ही मुदत ७ दिवसांची, तीही चालू करावी लागते. कॉसमॉस-डीबी दर चार तासांनी आपोआप प्रत घेते. पण साध्या व्यवस्थेत शेवटच्या दोनच ठेवते. ॲटलासच्या मोफत पायरीत प्रत ठेवण्याची सोयच नाही.

पावती कोणाच्या नावाची

आम्ही ठेच खाल्ली ती येथे. गोदाम पक्के होते. पावती दुसऱ्याच्या नावाची होती.

म्हणून खाते आपल्याच ई-मेलवर आणि आपल्याच मोबाईलवर उघडावे. बिलही आपल्याच नावाचे असावे. प्रोग्रॅम करणाऱ्याला आत येण्याची परवानगी द्यावी, मालकी देऊ नये. दुकानाची किल्ली नोकराकडे असते, पण भाडेपट्टा मालकाच्या नावाचा असतो, तसेच हे.

दर महिन्याच्या अखेरीस सगळ्या नोंदींची फाईल बाहेर काढून पेनड्राइव्हवर ठेवावी. नुसती ठेवून भागत नाही. उघडून दोन-चार गिऱ्हाइकांचे आकडे ताडून पाहावेत. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिसाबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. ॲपवाला पळाला हे कारण तेथे चालत नाही. आणि बंद फक्त छोटा माणूसच करतो असे नाही. फेसबुकने 'पार्स' ही सेवा जानेवारी २०१७ मध्ये बंद केली. मोंगो-डीबीनेही मोबाईलवरच्या नोंदी ॲटलासशी जुळवणारी आपली सेवा सप्टेंबर २०२५ अखेर बंद केली. दोघांनी आधी सूचना आणि मुदत दिली होती. ती ज्यांनी वाचली ते वाचले.

गिऱ्हाइकाचे नाव, फोन आणि उधारी ही त्याची अमानत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती जपण्याची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावरही, टाकली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. 'ॲपवाल्याने फोडले' म्हणून आपण सुटत नाही.

एक बारीक गोष्टही सांगतो. चिठ्ठीची खूण म्हणून गिऱ्हाइकाचे नाव कधी घेऊ नये. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, मुले मराठी आणि इंग्रजी माध्यमात. एकच 'शेख' आमच्या वहीत एका लिपीत, मुलाच्या मोबाईलमध्ये दुसऱ्या लिपीत आणि इंग्रजीत तर चार स्पेलिंगांत. या सेवांत उर्दू, मराठी, इंग्रजी काहीही लिहिता येते, पण यंत्राला हे सगळे वेगवेगळे इसम वाटतात. खूण मोबाईल नंबराची किंवा आपण दिलेल्या खाते क्रमांकाची ठेवावी.

मग कोणती घ्यावी

गिऱ्हाइके दोन-तीनशे आणि माल मोजका असेल तर घाई करू नये. वही आणि एक्सेल पुरेसे आहे. एकटा दुकानदार, शिंपी वा कारागीर मोबाईलवरच काम करणार असेल आणि नेटचा भरवसा नसेल, तर फायरस्टोअर सोयीची. मात्र वाचनांचा हिसाब ठेवावा. मालाचे प्रकार अनेक, रोज नवे प्रश्न विचारायचे, अशा ठोक व्यापाऱ्याला मोंगो-डीबी ॲटलास जास्त मानवेल, आणि तेथून बाहेर पडणेही सोपे. ऑनलाइन विक्री मोठी आहे, प्रश्न ठरलेले आहेत आणि हंगामात गर्दी उसळते, त्याने डायनॅमो-डीबी पाहावी. मायक्रोसॉफ्टच्या घरात आधीच राहणाऱ्याने कॉसमॉस-डीबी. जमाखर्च मात्र कोणीही या पेटीत टाकू नये.

दर आणि मोफत मर्यादा बदलत राहतात. सही करण्याच्या दिवशी कंपनीचे दरपत्रक स्वतः पाहावे. प्रोग्रॅम करणाऱ्याला पहिला हप्ता देण्याआधी एवढेच म्हणावे : 'खाते आमच्या नावाने उघडा आणि सगळ्या नोंदींची फाईल आत्ता आमच्यासमोर काढून दाखवा.' जो दाखवील त्याच्याशी पुढचे बोलावे. आम्ही २०२१ साली एवढे एक वाक्य बोललो असतो, तर एक जुने गिऱ्हाईक आजही आमच्या गादीवर बसून चहा घेत असते.